माझ्याच अर्जाचं उत्तर

डहाणूतल्या ज्या चिकू व्यापाऱ्याकडे मी नोकरी करते, तिथे कॉम्प्युटर एकच आहे आणि तो फक्त मला येतो. बिलं, ट्रकचे कागद, पगाराची यादी, सगळं मीच करते. त्यामुळे मी लागले त्याच महिन्यात लागलेल्या सहकाऱ्याचा पगार माझ्या दीडपट आहे, हे मला कोणी सांगायची गरज पडली नाही.

तो गंजाडकडे चिकूच्या वाड्यांवर जाऊन माल बघतो. मध्येच घरी जेवून येतो, मुलीला शाळेतून आणतो. कोणी विचारत नाही. मी चारला निघते ते मात्र सगळ्यांच्या लक्षात राहतं. नंतरची एस.टी. आमच्या तलासरीला फार उशिरा पोचते, आणि आईला आता नीट दिसत नाही. राहिलेली बिलं मी घरून मोबाइलवर करते. तो फक्त वजनाच्या चिठ्ठ्यांचे फोटो पाठवतो.

पगाराचं तोंडाने बोलणं मला जमेना. शाळेत इंग्रजीत अर्ज लिहायला शिकवलं होतं, तेवढं येत होतं. म्हणून एका दुपारी माझ्या मेलवरून शेठना अर्ज पाठवला. पाठवल्यावर लक्षात आलं, ऑफिसचा मेल उघडणारीही मीच.

शेठ मेल वाचत नाहीत. सकाळी चहा घेताना ते "काय आलंय, बेन?" असं विचारतात आणि मी मराठीत सांगते. दुसऱ्या दिवशी बँकेचं सांगितलं, सुरतच्या गिऱ्हाईकाचं सांगितलं. तिसरा माझा होता. वगळला असता तरी कोणाला कळलं नसतं. स्क्रीनकडे बघतच मी म्हटलं, की ऑफिसातली एक मुलगी पगार वाढवून मागतेय.

"कोण मुलगी?"

ऑफिसात मुलगी एकच होती. समोर बसलेला सहकारी हसला. "मॅडमनी स्वतःलाच अर्ज केला, शेठ. आता मंजूरही करून टाकतील."

शेठ हसले नाहीत. त्यांनी शांतपणे समजावलं, की त्याला उन्हात फिरावं लागतं, घर चालवायचं असतं. मला पंख्याखाली बसून बटणं दाबायची असतात. आमचंही घर माझ्याच पगारावर चालतं.

"चारची गाडी पाहिजे की पगार?" ते म्हणाले. "सातपर्यंत थांब, वाढवतो."

मागच्या महिन्यात आईने चाचपडत गॅस पेटवला होता आणि हात भाजून घेतला होता.

"गाडी," मी म्हटलं.

"मग तसं लिहून टाक. मेल आलाय तर जवाब द्यायला पाहिजे."

मी शेठच्या वतीने लिहायला घेतलं. आपल्या विनंतीचा नीट विचार केला, परंतु सध्या शक्य नाही. पहिलं वाक्य फार कोरडं वाटलं, म्हणून बदललं. शेठ म्हणाले, वाचून दाखव. मी मराठीत सांगितलं.

"छान लिहिलंस," ते म्हणाले. मी पाठवून दिलं.