बँकॉकचा लाल अलर्ट आणि अण्णाकाकांचा आकडा

बुधवारी सकाळी ऑफिसात पोचले तेव्हा माझी स्क्रीन लाल झाली होती, आणि माझा पुणेकर ज्युनिअर निनाद तिच्यासमोर उभा राहून फोटो काढत होता.

"मेधाताई, पकडलं! तुमच्या झुंडीनं पकडलं!"

झुंड म्हणजे मी लिहिलेला प्रोग्रॅम. आमची कंपनी छोटी, नेदरलँड्सच्या अ‍ॅमस्टेलव्हीनमधली. लोक सोशल मीडियावर काय लिहितात ते मशीनकडून वाचून घ्यायचं आणि लोक चिडलेत, घाबरलेत की खूश आहेत हे गिऱ्हाइकाला सांगायचं, हा आमचा धंदा. त्याला सेंटिमेंट अ‍ॅनालिसिस म्हणतात. नाव भारदस्त आहे, पण कट्ट्यावर बसून गावाच्या गप्पा ऐकण्याचंच हे काम. माझ्या प्रोग्रॅमचं काम जरा वेगळं होतं. हजारो लोक अचानक एकच गोष्ट लिहू लागले तर त्यामागे कुणीतरी त्यांना गोळा करतंय असं धरायचं आणि धोक्याचा इशारा द्यायचा. त्यालाच अलर्ट म्हणायचं. हिरवा, पिवळा, लाल.

लाल झालं होतं थायलंड.

पाचच दिवसांपूर्वी तिथे एक मोठी गोष्ट घडली होती. माजी पंतप्रधान बाईंच्या खटल्याचा निकाल होता. कोर्टाबाहेर त्यांचे समर्थक सकाळपासून जमले होते. बाई आल्याच नाहीत. वकिलांनी आजारपणाचं कारण दिलं, कोर्टाने वॉरंट काढलं, आणि मग कळलं की बाईंनी देशच सोडलाय. आता लोक काय करतील? जाळपोळ होईल का? हाच प्रश्न आमच्या गिऱ्हाइकाला पडला होता.

गिऱ्हाईक म्हणजे मार्यान. साठीची बाई, फोरबर्गमध्ये तिची ट्रॅव्हल कंपनी. डच पेन्शनरांना घेऊन जगभर सायकली चालवायला जाते. गुरुवारी संध्याकाळी तिची सहा जोडपी बँकॉकला निघणार होती, बरोबर ती स्वतः. जायचं की नाही हे आमच्या रंगावर ठरणार होतं.

आणि माझंही बरंच काही त्या रंगावर ठरणार होतं. माझं वर्षाचं कॉन्ट्रॅक्ट पुढच्या महिन्यात संपत होतं. इथलं माझं राहण्याचं परमिट नोकरीला बांधलेलं. नोकरी गेली की तीन महिन्यांत दुसरी शोधा, नाहीतर बॅगा भरा. नीउ-व्हेनेपला भाड्याच्या घरात बस्तान बसलेलं, मुलगी डच शाळेत रमलेली. आमचा साहेब योस्त मला स्पष्टच म्हणाला होता, "तुझ्या प्रोग्रॅमने एक खरी गोष्ट पकडली की पर्मनंट." डच माणूस आडवळणाने बोलत नाही.

त्यामुळे लाल रंग बघून मला आनंद झाला. लाज वाटते सांगायला, पण झाला. एका देशात आग लागणार असं माझं मशीन म्हणत होतं आणि मी मनात पेढे वाटत होते.

योस्त कॉफी घेऊन आला. "दाखव."

दाखवलं. चार आकड्यांची एक संख्या, हजारो अकाउंट्सवरून. सोबत बाईंचं नाव आणि 'एक तारीख'. एक तारीख म्हणजे परवाचा शुक्रवार. एका गाडीचा फोटोही फिरत होता. बाई त्याच गाडीतून गेल्या असं लोक म्हणत होते. नंबर प्लेटवर तीच संख्या, तिच्याभोवती लाल गोल. मशीनने भाषांतर केलेले मेसेज असे: 'आमच्या गावात संपले, तुमच्याकडे आहेत का?' 'माझ्यासाठी दोन ठेव.' 'एक तारखेला कळेल.'

योस्तचे डोळे चमकले. "सांकेतिक क्रमांक. दिवस ठरलाय. काहीतरी साठवतायत. पेट्रोल?"

"शक्य आहे," मी म्हटलं.

"लोक तिच्याबद्दल काय म्हणतात? राग? दुःख?"

हे विचित्र होतं. जवळजवळ काहीच म्हणत नव्हते. शिव्या कमी, रडणं कमी. नुसते आकडे. "वादळापूर्वीची शांतता," योस्त म्हणाला आणि मार्यानला फोन लावायला गेला. उद्या दहाला मीटिंग, तोपर्यंत अहवाल.

अहवाल लिहायला बसले आणि दुपारी अडकले. त्या चार आकड्यांचे शेवटचे दोन सत्तावीस होते. पण खूप जण बाहत्तर लिहीत होते. निनाद म्हणाला, "टायपो असेल." इतके टायपो? हजार लोकांना एका जागी जमायचं असेल तर पत्ता उलटा लिहून कसं चालेल?

त्या लाल गोलाकडे मी किती वेळ बघत बसले कोण जाणे. मग एकदम अण्णाकाका आठवले.

अण्णाकाका माझे चुलते, पुण्यात सिटी बसमध्ये कंडक्टर. माणूस लाखाचा, पण मटक्याचा नाद. मटका म्हणजे आकड्यांवरचा चोरटा जुगार. आपण आकडा लावायचा, ठरल्या वेळी आकडा फुटतो, आपला आला तर दिवाळी. अण्णाकाकांना आकडा कुठेही दिसायचा. स्वप्नात, हॉस्पिटलच्या खाटेवर, प्रेताच्या गाडीवर. तिकिटाच्या पाठीवर लिहून त्याला पेन्सिलीने गोल करायचे. मी दहा वर्षांची असताना आमच्या भागातला एक नगरसेवक पोलीस यायच्या आदल्या दिवशी पसार झाला. पेपरात केवढा गदारोळ! अण्णाकाकांनी एवढंच विचारलं, "त्याच्या जीपचा नंबर काय होता गं?" आणि संध्याकाळपर्यंत अख्ख्या आळीने तो नंबर लावला. ज्यांनी त्याला मत दिलं त्यांनी लावला, ज्यांनी त्याला शिव्या घातल्या त्यांनीही. वर पलटी. म्हणजे सत्तावीसला बाहत्तर. "आकडा रुसला तर पलटी पावते," असं अण्णाकाका म्हणायचे. त्यांना दोन्ही कधी पावली नाहीत. शेवटी काकूचं शिलाई मशीन त्यात गेलं आणि आईने त्यांचं नाव घरात काढायचं बंद केलं, ते वारले तेव्हाही काढलं नाही.

हे लोक जमत नव्हते, आकडा लावत होते. हे लाल नव्हतंच.

पण थायलंडमध्ये मटका असतो का, हे मला काय ठाऊक? साडेपाचला निघाले ती थेट टोकोत. टोको म्हणजे इथलं आशियाई वाणसामानाचं दुकान. आपली कोथिंबीर, कढीपत्ता, तिखट मिरच्या तिथेच मिळतात. गल्ल्यावर नोक असते, थायलंडच्या खेड्यातली, वीस वर्षं इथे. माझ्याशी मिरच्यांपलीकडे कधी बोललेली नव्हती.

मी मोबाईलवरचा फोटो तिच्यापुढे धरला. "नोक, हा नंबर काय आहे?"

तिने बघितलं. इकडेतिकडे बघितलं. मग पर्समधून एक घडी केलेला कागद काढला. त्यावर तोच नंबर.

"बहिणीला सांगितलंय घ्यायला," ती म्हणाली. "सरकारी लॉटरी. महिन्याच्या एक तारखेला आणि सोळा तारखेला. पण ह्या नंबरची तिकिटं संपली सगळीकडे. तुला हवंय का?"

मला हसावं की रडावं कळेना. "नोक, पण लोकांना त्या बाईंबद्दल काय वाटतं?"

तिचं हसू गेलं. "माझ्या बाबांची भातशेती आहे. बाईंनी भाताला चांगला भाव दिला, म्हणून त्यांच्या घरात बाईंचा फोटो देवाशेजारी. बहिणीच्या नवऱ्याला बाईंचं नाव ऐकवत नाही. दोघं वर्षानुवर्षं बोलत नाहीत."

"आणि नंबर?"

"दोघांनी घेतलाय."

"मग लोक काही लिहीत का नाहीत?"

"लिहून काय होईल कुणाला माहीत?" तिने माझ्या मिरच्या वजनकाट्यावर ठेवल्या. "आकडा लिहिला तर कोण काय करणार?"

परत ऑफिसात आले. निनाद निघतच होता, त्याला बसवलं. आमच्याकडे 'नॉइज' नावाचा एक फोल्डर आहे. निरुपयोगी वाटलेल्या पोस्ट मशीन त्यात टाकतं. नुसते आकडे असलेल्या पोस्ट म्हणजे कचरा, हा नियम गेल्या वर्षी मीच लिहिला होता. या वेळच्या पोस्टमध्ये बाईंचं नाव होतं, म्हणून तेवढ्या सुटल्या.

"निनाद, थायलंडच्या कचऱ्याचा ग्राफ काढ. वर्षभराचा. तारखेप्रमाणे."

त्याने काढला. महिन्यातून दोनदा उंटाच्या पाठीसारखा उंचवटा. दरवेळी आकडे वेगळे, पण उंचवटा संपायचा एक तारखेला आणि सोळा तारखेला.

"हे काय आहे?" निनाद म्हणाला.

"लॉटरी. आपल्याकडे मटका असतो ना, तसं."

"मटका?" कोथरूडच्या सात पिढ्या त्याच्या चेहऱ्यावर उभ्या राहिल्या. "तुम्हाला कसं माहीत, ताई?"

"वाचलंय कुठेतरी," मी म्हटलं. खोटं. रात्री घरी परतताना बसमध्ये रडत आले. कारण अहवाल तसाच दिला असता तर कुणी मला विचारणार नव्हतं. लाल अलर्ट द्यायचा, ट्रिप रद्द होणार, एक तारखेला काही घडलं नाही तर 'धोका टळला' म्हणायचं. आमच्या धंद्यात खोटा लाल कधीच पकडला जात नाही. खोट्या हिरव्याने मात्र नोकरी जाते. आणि मी उद्या माझ्याच प्रोग्रॅमला खोटं ठरवणार होते.

गुरुवारी दहाला मार्यान स्वतः आली. बॅग भरूनच आली होती. योस्त, निनाद, मी. मी दोन्ही ग्राफ लावले आणि सांगून टाकलं. हा मोर्चा नाही, लॉटरी आहे. माझा प्रोग्रॅम चुकलाय.

योस्तने कप खाली ठेवला. "हे तुझं मत आहे की माहिती?"

"कचऱ्याचा ग्राफ ही माहिती आहे."

"कचरा तूच ठरवला होतास."

"हो. तिथेच चुकले."

"आणि एक तारखेला खरंच काही झालं तर?"

"म्हणून हिरवा म्हणत नाही. पिवळा म्हणते. कोर्टाच्या बाजूला फिरकू नका, गर्दी दिसली की वळा."

मार्यान इतका वेळ माझ्याकडे बघत होती. "तुला हे सुचलं कसं? थाई येतं?"

नोकचं नाव सांगून सुटता आलं असतं. पण या बाईच्या भरवशावर बारा म्हातारे विमानात बसणार होते. तिला अर्धं खरं सांगायला माझी जीभ धजेना.

"माझे काका जुगारी होते," मी म्हटलं. "पळून गेलेल्या पुढाऱ्याच्या गाडीचा नंबर ते लावायचे. अख्खी आळी लावायची. त्याचा अर्थ लोकांना राग नव्हता असा नाही. पण राग व्यक्त करून काही मिळत नाही हे त्यांना माहीत होतं. आकड्यातून कदाचित मिळेल असं वाटायचं."

निनाद टेबलाकडे बघत होता. मग मार्यान म्हणाली, "माझे बाबा कबुतरांच्या शर्यतीवर पैज लावायचे. आई त्या कबुतरांना घरात घेऊ द्यायची नाही." ती उठली. बॅगेचं हँडल ओढलं. "आम्ही जातोय."

योस्त तिला सोडायला खाली गेला. माझ्याकडे न बघता.

शुक्रवारी सकाळी निम्मं ऑफिस माझ्या स्क्रीनमागे उभं होतं. बँकॉकला तेव्हा दुपार. सोडत सुरू झाली तसा ग्राफ छतापर्यंत गेला. अकराच्या सुमारास निकाल पूर्ण झाला आणि ग्राफ धाडकन खाली आला. इतका सपाट की निनादने इंटरनेट चालू आहे का ते तपासलं. रस्त्यावर कुणी नव्हतं. सत्तावीस लागला नाही, बाहत्तरही नाही.

मार्यानचा संध्याकाळी एक फोटो आला. हेल्मेट घातलेली बारा म्हातारी माणसं, एका हातगाडीपुढे रांगेत. लॉटरीची, पुढच्या सोडतीची तिकिटं घेत होती.

टोकोत गेले तेव्हा नोकने तो कागद गल्ल्यालाच चिकटवून ठेवला होता. "लागला नाही," मी म्हटलं.

"नाही." तिने खांदे उडवले. मग हळूच म्हणाली, "निरोप न घेता गेल्या बाई. बाबा दोन दिवस जेवले नाहीत. म्हटलं, निदान नंबर तरी ठेवून गेल्या."

इतकी वर्षं लोकांच्या भावना मोजतेय. हे वाक्य कुठल्या रकान्यात टाकायचं ते मला अजून कळलेलं नाही.

सोमवारी योस्तने बोलावलं. "तुझा प्रोग्रॅम चुकला," तो म्हणाला. "पण चुकलाय हे तू सांगितलंस, गिऱ्हाइकासमोर. मला आधी सांगायला हवं होतंस. पुढच्या वेळी आधी मला." मग एक कागद सरकवला. पर्मनंट. मी जिथे सही केली त्याच्या खाली त्याने प्रोग्रॅमसाठी नवा नियम लिहून ठेवला होता: आकडे फेकण्याआधी तारीख बघा. बस, एवढाच धडा. वर्षभर तो माझ्याच फोल्डरमध्ये पडून होता.

बाईंचा निकाल पुढे त्यांच्या गैरहजेरीतच लागला. शिक्षा झाली. तासाभरात लोकांनी शिक्षेची वर्षं लिहायला सुरुवात केली. मशीन पिवळंसुद्धा झालं नाही.

पण कागद हातात आला त्या दिवशी ऑफिसच्या जिन्यातूनच आईला फोन केला होता.

"आई, पर्मनंट झाले."

"देव पावला!"

"देव नाही. अण्णाकाका."

पंचवीस वर्षांत तिच्यासमोर हे नाव कुणी काढलेलं नव्हतं. मी भराभरा सगळं सांगितलं. गाडी, गोल, पलटी. तिने मध्ये एकदाही तोडलं नाही.

"त्यांचा आकडा उभ्या जन्मात कधी लागला नाही," ती शेवटी म्हणाली. "हा लागला म्हणायचा. काकूला तूच फोन करून सांग."