दहावी सुई

माझं काम चहाचं आणि केरवाऱ्याचं. सुया टोचायचं काम प्रोवीचं. ब्राँक्समधल्या त्या चर्चच्या तळघरात आम्ही दोघांनी वीस वर्षं काढली, आणि वीस वर्षांत बाईने माझ्या चहाला एकदाच चांगलं म्हटलं. एरवी आपलं, "एफ्रा, आज कुठलं गवत उकळलंस?" गवतच होतं म्हणा ते. पुदिना, कॅमोमाइलची फुलं आणि आणखी दोन-तीन पाले. हेरॉइन सोडणाऱ्याला रात्री डोळा लागावा म्हणून. लोक नाकं मुरडायचे आणि दुसरा कप मागायचे.

सुया कानात टोचायच्या. एका कानात पाच, दोन्ही मिळून दहा, केसाएवढ्या बारीक. मग दिवे मंद करून पंधरा-वीस जणांनी पाऊण तास गप्प बसायचं. नव्या माणसाला वाटतं, आपली थट्टा चाललीय. मलाही वाटलं होतं. तिसऱ्या दिवशी मी खुर्चीत घोरायला लागलो. कित्येक महिन्यांनी अंगाची आग थांबली होती. प्रोवीचंही तसंच झालं होतं. आम्ही दोघं त्याच खड्ड्यातून वर आलेलो, म्हणून लोक आमचं ऐकायचे.

तिचा नियम एकच, इथे कुणी कुणाला काही विचारायचं नाही. किती घेतलीस, कुठे होतास, बायको काय म्हणते, काही नाही. प्रश्नांनी माणसं पळतात म्हणायची. ती स्वतः एवढंच विचारायची, "उजव्या कानापासून सुरू करू?"

दाराजवळची खुर्ची मात्र ती कायम रिकामी ठेवायची. कुणी बसायला गेलं की, "तिथे नको, वारा येतो." साफ खोटं. अख्ख्या तळघराला ऊब देणारा एकुलता एक चालू रेडिएटर तिथेच होता. पण कुणी काही बोलायचं नाही, कारण एडविनची गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती.

एडविन तिचा मुलगा. ती नशेत बुडालेली असताना सहा वर्षांच्या पोराला तिने पोर्तो रिकोला आपल्या आईकडे धाडलं होतं, दोन आठवड्यांसाठी म्हणून. दोन आठवड्यांची अकरा वर्षं झाली. पोरगा परत आला तोवर हिचं व्यसन सुटलं होतं, आणि पुढे दोन-तीन वर्षांत त्याला लागलं. राहायचा चार गल्ल्या पलीकडे. रस्त्यात आई दिसली की फुटपाथ बदलायचा. तळघरात आली की प्रोवी मला म्हणायची, "आज दिसला. बारीक झालाय." जेवण जायचं नाही तिला त्या दिवशी.

एका फेब्रुवारीत तो आला. कुणी न सांगता त्या दाराजवळच्या खुर्चीवर बसला. माझ्या हातातली किटली तशीच राहिली. प्रोवी एकेकाला सुया लावत त्याच्यापर्यंत पोचली.

"उजव्या कानापासून सुरू करू?"

"कुठूनही कर," तो जमिनीकडे बघत म्हणाला.

दहावी सुई लावून झाली तरी तिची बोटं त्याच्या कानावर राहिली. सहा वर्षांचा होता तेव्हापासून हात लागला नव्हता त्या कानाला. मी मनात म्हटलं, बोल ना गं बाई, मेला तो नियम. ती पुढच्या माणसाकडे गेली आणि त्यालाही तेच विचारलं.

वीस मिनिटं तो डोळे मिटून बसला होता. मग एकदम उठला, कानातल्या सुया भराभरा काढून वाटीत टाकल्या आणि जिना चढून गेला.

वाटीत नऊ निघाल्या. प्रोवीचा चेहरा उजळला. "एक कानातच राहिली त्याच्या." असं व्हायचं. महिन्यातून दोघं-तिघं सुई कानात घेऊन घरी जायचे आणि दुसऱ्या दिवशी कागदात गुंडाळून ओशाळं हसत परत आणायचे. "उद्या आणून देईल बघ," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिने त्याच्यासाठी तुरीचे दाणे घातलेला भात डब्यात भरून आणला.

सुई हरवली की माझं डोकं फिरतं. कुणाच्या तरी पायात जायची. टोकाला लोहचुंबक लावलेली काठी घेऊन मी आठ-आठ दिवस कोपरान् कोपरा धुंडाळतो आणि सगळ्यांचं डोकं खातो. तो गेला त्या संध्याकाळी खाली काही मिळालं नाही, म्हणून कचरा टाकायला जाताना काठी जिन्यावरही फिरवली. वरून तिसऱ्या पायरीवर सुई चिकटली. म्हणजे पठ्ठ्याला तिथे कळलं होतं. मागे वळला असता तर आठ पायऱ्या उतरून आई उभी होती. त्याने सुई काढली आणि तिथेच टाकून दिली.

मी ती वापरलेल्या सुयांच्या डब्यात टाकली आणि खाली येऊन म्हणालो, "नाही सापडली."

आठवडाभर भाताचा डबा येत राहिला. मग डबा बंद झाला, खुर्ची तशीच राहिली. उन्हाळ्यात कळलं, एडविन शहर सोडून गेला. कुणी म्हणे कनेक्टिकटला, कुणी म्हणे आणखी कुठे. दार वाजलं की तिचा हात सुईसकट थांबायचा. मला ते बघवत नसे. खरं सांगावं असं रोज वाटायचं, आणि रोज मी चहा करत राहायचो.

ऑक्टोबरात एका दुपारी सगळे गेल्यावर ती माझ्यासमोर कप घेऊन बसली.

"एफ्रा, ती सुई तुला त्याच दिवशी मिळाली ना?"

"कसली सुई?"

"उगाच वेड पांघरू नकोस. एक सुई हरवली की आठ दिवस जीव नकोसा करतोस आमचा. त्या वेळी दुसऱ्या दिवसापासून काठी कोपऱ्यात."

कपाळ माझं. "मग इतके दिवस विचारलं का नाहीस?"

"विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस." तिने कप हातात फिरवला. "कुठे होती? खुर्चीखाली, की बाहेर? खुर्चीखाली असेल तर नुसती पडली. त्याला कळलंही नसेल."

"खुर्चीखाली," मी म्हणालो.

ती माझ्याकडे बराच वेळ बघत होती. वीस वर्षं मला ओळखणारी बाई. मी नजर हलवली नाही, पण कान गरम झाले होते.

"बरं," ती म्हणाली. गार झालेला चहा तिने शेवटच्या घोटापर्यंत प्यायला. "आज चहा चांगला झालाय."

मग उठली आणि दाराजवळची खुर्ची रेडिएटरच्या आणखी जवळ सरकवली.

"थंडी सुरू झाली," म्हणाली.