आमच्या खाणीतली गारगोटी

उन्हाच्या उष्णतेवर चालणारी थंड खोली बनवायची, हे आमच्या प्रयोगशाळेचं काम. ऐकणाऱ्याला वाटतं मी फेकतेय. तसं नाही. बंद भांड्यातली हवा काढून टाकली की पाण्याची वाफ गारच असताना होऊ लागते, आणि होताना ती भोवतालची उष्णता ओढून घेते. ही वाफ धरून ठेवायला शेजारच्या भांड्यात एक कोरडा पदार्थ लागतो, बारीक बारीक छिद्रांचा. तो भरला की गच्चीवरच्या सोलरच्या गरम पाण्यानं तापवायचा, वाफ सोडवायची, पुन्हा सुरू. तो पदार्थ कोणता घ्यायचा, हे ठरवायचं काम माझ्याकडे आलं.

मी वाघोलीची. वडलांची उमेदीची वर्षं दगडखाणीत गेली. घरात कॉलेज पूर्ण केलेली मी पहिली. कुणी विचारलं नाही तरी मी हे सांगते. खाणीत काळा दगड फुटला की आतल्या पोकळीत पांढरे, काचेसारखे खडे सापडतात. आम्ही त्यांना सरसकट गारगोटी म्हणायचो. त्यातले बरेचसे झिओलाइट, वाफ धरण्यात नावाजलेले, हे मला वाचताना कळलं. तेव्हा शेजारी कुणी असतं तर त्याला हलवून सांगितलं असतं. कुणी नव्हतं. वारज्यातल्या खोलीवर आले आणि घरी फोन लावला.

"गारगोटी हाय, गार करणारच की!" वडील म्हणाले. त्यांनी लगेच चहाच्या टपरीवर जाहीर केलं, आमच्या खाणीतल्या दगडावर पोरगी फ्रिज चालवणार. रविवारी गेले तर पेंडीच्या पोत्यात निवडून खडे भरून ठेवलेले. बसमध्ये कंडक्टर म्हणाला, "ताई, दगड भरलेत का काय?"

"हो," म्हटलं. तो हसला. मला हसू आलं नाही, पोतं जड होतं.

खडे कुटले, सुकवले, वाफेत ठेवले, वजन केलं. पाणी छान धरलं. मग गरम पाण्यानं तापवून पुन्हा वजन केलं. जवळजवळ तेवढंच. दगड पाणी सोडेना.

आमचे सर पुण्यातल्या पेठेतले. म्हणाले, "अहो, याला भट्टी लागेल. भट्टी लावायची तर साधा फ्रिज काय वाईट?"

मी आणखी बारीक कुटून पाहिलं, जास्त वेळ तापवून पाहिलं. सर मागून डोकावले. "माहेरचा दगड म्हणून जास्त मार्क देताय."

मग सिलिका जेल हा दुसरा पदार्थ घेतला; त्याची पकड हलकी, पण तेवढ्याच गरम पाण्यानं तापवल्यावर त्यानं धरलेलं बहुतेक सगळं पाणी सोडलं. आमच्याकडे उष्णता होती ती एवढीच. मी सिलिका जेल ठरवलं. डब्याच्या वेळी बाकीचे ट्रेकचं ठरवत होते. मी वडलांना काय सांगायचं ते ठरवत होते.

फोनवर सांगणं बरं दिसलं नसतं, म्हणून रविवारी गेले. ओट्यावर बसून सगळं समजावलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"मग घेतलं काय?"

"बुटाच्या खोक्यात पुड्या असतात ना, त्यातले दाणे."

"त्या आपण फेकून देतो की."

"हो."

"टपरीवर काय सांगू?"

"चालला नाही म्हणून सांगा."

"मी न्हाई सांगायचो," म्हणाले आणि गोठ्याकडे गेले. ज्या मापानं मी दगड नाकारला, ते माप मला कॉलेजानं दिलं होतं, आणि कॉलेजात मला त्यांनीच घातलं होतं. हे त्यांना कसं सांगणार? निर्णय माझा बरोबर होता. आजही बरोबरच आहे.

पुढे यंत्र तयार होऊन चालू झालं. पाण्याच्या भांड्याला हात लावला तर बोटं आखडली. सर "बरं झालं" म्हणून चहाला गेले. मी तिथूनच घरी फोन केला. वडलांनी उचलला.

"गार झालं, बाबा."

"त्या पुड्यांवर?"

"हो."

"बरं," म्हणाले, आणि फोन आईकडे दिला.

"काय गं, काय म्हणत होतीस?" आईनं विचारलं.

पहिल्यापासून सगळं सांगायचं जिवावर आलं. म्हटलं, "काही नाही, असंच."