आमच्या सलूनमधला व्हॉल्व्हचा अँप्लिफायर

आमचे हे न्हावी. दुकान थाटलं तेव्हा चांगली खुर्ची घ्यायची सोडून ह्यांनी गाणी मोठ्यानं ऐकायला व्हॉल्व्हचा जुना अँप्लिफायर आणला. सासूबाई म्हणाल्या, "गिऱ्हाईक काय ह्याच्यावर बसवणार?" हे नुसते हसले.

तेव्हापासून आधी त्याचं बटण, मग वस्तऱ्याला धार. धार होईतो दिव्यांसारखे काचेचे व्हॉल्व्ह तापून तांबूस होतात आणि गाणं लागतं. तोवर कुणाच्या गालाला साबण नाही. मी घरात देवापुढे दिवा लावते, हे दुकानात आपले दिवे लावतात. यावरून मी पूर्वी पुष्कळ बोलून घेतलं आहे. तो बिघडला की हे सुट्टीभर त्याला पालथा घालून बसत, जुने भाग काढून नवे झाळून बसवत. एकदाही दुसऱ्याच्या हातात दिला नाही.

यंदा चिरंजीवांनी दुकान नवं केलं. गुळगुळीत फळ्या, आरशाभोवती दिवे. आणि त्या दिवसापासून नव्या फळीवरचा अँप्लिफायर घूंऽऽ करायला लागला. गाणं त्याखाली बुडून जाई.

"बाबा, म्हातारा झालाय तो."

"मीही झालोय. मला कुठे देणार?"

"तुम्ही घुमत नाही. शनिवारी भंगारवाला येतोय. तोवर गप्प झाला तर ठेवू, नाहीतर जाऊ दे."

हे कबूल झाले. व्हॉल्व्ह बदलून पाहिले, सगळे सांधे तपासले. दोष सापडेना. ह्यांचं जेवणातलं लक्ष उडालं. मी देवाला म्हटलं, मागणं यंत्राचं आहे खरं, पण आमच्या माणसाचा जीव त्यात आहे.

शनिवारी चहा घेऊन मी दुकानात गेले. रोजचे पोस्टमनकाका तोंडाला फेस लावून खुर्चीत बसले होते. म्हणाले, "आरशाचा उजेड डोळ्यांत जातोय. जरा बंद करा बघू."

दिवे बंद झाले आणि घुमणंही थांबलं.

ह्यांचा वस्तरा हवेतच राहिला. दिवे लावले, घूं. बंद केले, गप्प. हे फळीखाली वाकले. दिव्यांना वीज पुरवणारा लोखंडी डबा नेमका अँप्लिफायरला खेटून बसवला होता.

"अंधारात का दाढी करणार?" चिरंजीव म्हणाले.

"दिवे राहू देत." ह्यांनी दिवे लावले, अँप्लिफायर दोन्ही हातांनी धरला आणि गिऱ्हाईकाची हनुवटी वळवावी तसा हळूहळू वळवला. घुमणं उतरत गेलं. तो पुरता आडवा झाला आणि आवाज नाहीसाच झाला.

"शेजाऱ्याशी पटत नव्हतं," हे म्हणाले. "कूस बदलली, झालं."

पण आडवा ठेवल्यावर तो फळीवर मावेना. बाजूची पट्टी आड येत होती. चिरंजीव आत गेले, करवत घेऊन आले आणि स्वतःच्या नव्याकोऱ्या फळीची पट्टी कापू लागले.

"माझा फेस वाळला," काका म्हणाले.

"पुन्हा लावतो. आधी गाणं."

गाणं लागलं, अगदी स्वच्छ. माझे हात आपसूक जुळले. तेवढ्यात भंगारवाल्यानं दारातून विचारलं, "काय न्यायचंय?"

ह्यांनी कापून पडलेली पट्टी दाखवली आणि आवाज आणखी वाढवला.