तीनदा तपासलेली पत्रिका

भोरला शहर म्हणणारं माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिलं, ते म्हणजे धनश्रीचे वडील गेनबा, तिचे आण्णा. गेल्या जूनमध्ये ते आमच्या प्रेसच्या दारात उभे राहिले. डोक्यावर टोपी, काखेत लेकीच्या अंथरुणाची वळकटी. म्हणाले, "ताई, पोरीला शहराची सवय न्हाई. जरा नजर ठिवा." मला हसू आवरेना. आमच्या भोरात स्टँडवर उतरलेला माणूस पंधरा मिनिटांत गावाच्या दुसऱ्या टोकाला पोचतो, आणि तेवढ्यात त्याला तीन ओळखीचे भेटतात. पण गेनबा होते वेल्ह्याच्याही वरच्या अंगाचे. तिथून चेलाडीला एक आणि कापूरहोळला दुसरी गाडी बदलत भोर गाठायचं म्हणजे अर्धा दिवस मोडतो. त्यांच्या लेखी हे शहरच होतं.

आमची प्रेस म्हणजे खाली दोन कॉम्प्युटर आणि एक मशीन, वर भाड्याची एक खोली. लग्नाच्या पत्रिका, दशक्रियेची कार्डं, यात्रेची हँडबिलं छापतो. मशीन आमचे हे, म्हणजे मानसिंग, सांभाळतात. मी प्रुफं वाचते. आणि मी प्रुफं वाचते म्हणजे वाचतेच, ज्यांना माझं तोंड माहीत आहे ते सांगतील. धनश्रीनं वेल्ह्याला टायपिंगचा कोर्स केला होता. पहिल्या दिवशी मी तिला मुद्दाम एक किचकट मजकूर दिला. तिनं तो एकही चूक न करता माझ्यासमोर ठेवला. मला जरा रागच आला.

तिचा साखरपुडा मेमध्येच झाला होता. मुलगा किकवीचा, स्वरूप नावाचा, शिरवळच्या कंपनीत कामाला. लग्न दीड वर्षानं करायचं ठरलं होतं. तोवर पोरीनं बाहेर राहावं, चार माणसांत वागायला शिकावं, ही गेनबांचीच कल्पना. ते गवंडी होते. पहिल्याच दिवशी त्यांनी वरच्या खोलीत फळी ठोकली, कपड्यांना खिळे मारले. मोरीचा नळ गळत होता. "रविवारी वायसर घिऊन येतो," म्हणाले. पुढच्या रविवारी आले ते तांदूळ, नाचणी आणि चटणी घेऊन, वायसर विसरून. त्याच्या पुढच्या रविवारीही विसरले. मी म्हटलं, गेनबा, तुम्ही वायसर विसरता का यायला निमित्त ठेवता? तर टोपी काढून डोकं खाजवत हसले.

जुलै संपता संपता, भाताची लावणी चाललेली असताना, ते खाचरातच कोसळले. अकरा वाजता फोन माझ्या मोबाईलवर आला. मी तिला स्टँडवर नेऊन गाडीत बसवून दिलं. त्या दिवशी पाऊस असा होता की वेल्ह्याच्या अलीकडे रस्त्यात झाड पडलेलं. ती घरी पोचली तेव्हा अंधारून आलं होतं. लोकांनी चारपर्यंत वाट पाहिली आणि पावसाच्या भीतीनं उरकून घेतलं. तिनं बापाचं तोंड पाहिलं नाही.

चौदाव्या दिवशी ती परत आली. पिशवी वर ठेवली, खाली येऊन कॉम्प्युटरपुढं बसली आणि विचारलं, "ताई, कुठलं काम घेऊ?" मी म्हटलं, आज राहू दे. "चालंल," म्हणाली, आणि तिथंच बसून राहिली. मग मीच तिला एक काम दिलं.

आमच्याकडे घरातलं कर्तं माणूस गेलं की लग्न वर्षाच्या आत उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं. तेव्हा दशक्रियेच्या घाटावरच चुलत्यानं, रायबानं, फेब्रुवारी ठरवून टाकला. धनश्रीला विचारलं का? विचारलं. ती "चालंल" म्हणाली.

त्या सहा महिन्यांत हा एक शब्द मी इतक्यांदा ऐकला की मला त्याचा वीट आला. बाकी पोरगी भोरात रुळली. पाणी किती वाजता येतं, भाजी कुणाकडे चांगली मिळते, सिलेंडरची गाडी कुठल्या गल्लीतून जाते, सगळं तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. केळवणाला बोलवायचे, जाऊन जेवून यायची. काय होतं जेवायला म्हणून विचारलं तर आठवायचं नाही. लोक म्हणायचे, किती समजूतदार पोर, डोळ्यांतून टिपूस काढला नाही. मी म्हणायचे, कौतुक कसलं करता, मला भीती वाटते.

बस्ता बांधायला मीही गेले होते. दुकानदारानं शालूंचा ढीग घातला. हिरवा दाखवला, चालेल. जांभळा दाखवला, चालेल. शेवटी दुकानदारानं वैतागून दुकानात कुणी घेत नाही असला एक भगभगीत पिवळा काढला, तोही चालेल. स्वरूपचं तोंड एवढंसं झालं. मला बाजूला घेऊन म्हणाला, "काकू, खरं सांगा. मी तिला पसंत न्हाई का? आसं आसंल तर आत्ताच सांगा, मी राग धरनार न्हाई."

"अरे, तू पसंत नसतास तर बरं झालं असतं," मी म्हटलं. "निदान काहीतरी पसंत नाही म्हणून तोंड उघडलं असतं." तो बिचारा हसलासुद्धा नाही.

आणि तो नळ. डिसेंबरात मी म्हटलं, प्लंबरला बोलावते, बादलीभर पाणी रोज फुकट चाललंय. ती कपडे वाळत घालत होती. मागं न बघताच म्हणाली, "नगं ताई, आण्णा येनार हायेत न्हवं रविवारी." आणि पुढचा कपडा झटकला. मी जिन्यात उभीच राहिले. वाटलं आता तिच्या लक्षात येईल, ती वळेल. ती वळली नाही. मी प्लंबरला बोलावलं नाही.

जानेवारीत तिची पत्रिका करायला घेतली. आमच्या प्रेसची मुलगी, म्हणून कार्ड यांनी पुण्याहून स्वतः निवडून आणलं. मजकूर तिनंच टाइप केला. प्रूफ माझ्याकडे आलं. मुहूर्ताची वेळ चुकली होती, "ज्येष्ठ" मधला ठ राहिला होता. तिच्या हातून असल्या चुका मी पहिल्यांदाच पाहत होते. आणि तिच्या नावाखाली होतं, सौ. बनाबाई व श्री. गेनबा चिमाजी यांची कन्या.

मी लाल पेनानं गोल केला. बाजूला लिहिलं: श्रीमती, कै. पेन जरा दाबूनच चाललं, पण दुसरं काय लिहिणार.

दुसरं प्रूफ आलं. वेळ बरोबर, ठ जागेवर. ती ओळ तशीच. मी म्हटलं, "धनश्री, एक दुरुस्ती राहिली." "केली की ताई," ती म्हणाली. मी परत गोल केला. तिसरं प्रूफ आलं, ओळ तशीच. आणि त्याच सकाळी तिनं दुसऱ्यांची दोन कार्डं लावली होती, त्यांत चार माणसं होती कै., चारही बरोबर.

पहिली पत्रिका कुलदैवताला ठेवायची आणि मगच गावात वाटायची. त्यासाठी दुसऱ्या दिवशी रायबा आणि तिची आई न्यायला येणार होते. माझा पारा चढला. मी प्रूफ तिच्या पुढ्यात आपटलं. "हे काय आहे? तीनदा सांगितलं. का लग्नाला वडील येणार आहेत तुझे?"

तोंडातून गेलं ते गेलं. मला माझीच लाज वाटली. ती त्या लाल गोलाकडे बघत राहिली, आणि मग म्हणाली, "चालंल, ताई."

हे म्हणाले, तू बस आणि दुरुस्त कर, दोन मिनिटांचं काम. मी खुर्चीवर बसलेसुद्धा. पण हात पुढे होईना. माझ्या हातानं पत्रिका बरोबर झाली असती, पोरगी तशीच बोहल्यावर उभी राहिली असती, आणि बाप मेल्याचं कळायच्या आत किकवीला नांदायला गेली असती. मी कॉम्प्युटर बंद केला.

दुसऱ्या दिवशी दहाला दोघं आले. रायबा म्हणजे गेनबांचे धाकटे भाऊ, आवाज मोठा, मन चांगलं. बनाबाई प्रेसमध्ये पहिल्यांदाच येत होत्या. पदर कपाळापर्यंत ओढलेला. दारातच चप्पल काढून आत आल्या. रायबांनी टेबलावरचं प्रूफ उचललं, ओठ हलवत वाचलं, आणि ओरडले, "आगं ए! हे काय लिव्हलंय? दादाला जिता दावलाय! लोक काय म्हनतील?"

धनश्री उभी राहिली.

"काय लिव्हलंय?" बनाबाईंनी मला विचारलं. त्यांना वाचता येत नाही. मी सांगितलं. कै. कुठं हवं, श्री. कुठं पडलंय.

"आन् मला काय लिव्हलंय?"

"सौभाग्यवती."

 त्यांनी लेकीच्या दंडाला धरून तिला खुर्चीवर बसवलं आणि स्वतः तिच्या मागं उभ्या राहिल्या. "दाव मला. कुठं हाय आमचं?" धनश्रीनं कर्सर त्या ओळीच्या सुरुवातीला नेला आणि पडद्यावर बोट ठेवलं. "पुसायचं बटन कंचं?" तिनं तेही दाखवलं. "मी पुसते. तू नगं पुसू," बनाबाई म्हणाल्या, आणि वाकून, खुरप्यानं जाड झालेलं बोट त्या बटणावर ठेवलं.

टाइप करणारं माणूस बटणाला टिचकी मारतं. बनाबाईंनी दाबून धरलं. सौ. गेलं आणि पाठोपाठ बनाबाई गेलं. व गेला. श्री. गेलं. त्यांना काय कळणार, त्या बोटाकडे बघत होत्या. गेनबा गेलं. चिमाजी निम्मं गेलं.

"आई!" धनश्री ओरडली. सहा महिन्यांत तिचा आवाज चढलेला मी ऐकला नव्हता. तिनं आईचा हात मनगटाला धरून बाजूला केला. "आगं नाव गेलं! आण्णांचं नाव पुसलंस तू!"

"मला काय ठावं," बनाबाई घाबरल्या. "परत लिव्ह की मग. लिव्हता येतंय न्हवं?"

एका बटणात पुसलेलं सगळं परत येतं. हे मला ठाऊक होतं, तिलाही होतं. आमचे हे सांगायला पुढे आले, तर मी त्यांचा शर्ट धरला. धनश्री त्या रिकाम्या जागेकडे बघत होती. मग तिनं कीबोर्ड जवळ ओढला. आधी "श्रीमती बनाबाई व" लिहिलं. थांबली. क लिहिला. त्यावर दोन मात्रा दिल्या. टिंब दिलं. मग गेनबा चिमाजी, एकेक अक्षर, नवशिक्या मुलीसारखं.

मशीन बंद होतं, त्यामुळं वरच्या नळाचं पाणी बादलीत पडताना ऐकू येत होतं. रायबांनी टोपी काढून हातात घेतली होती.

"वाच," बनाबाई म्हणाल्या.

"कैलासवासी गेनबा चिमाजी," तिनं वाचलं. पुन्हा एकदा मनात वाचलं असावं, कारण ओठ हलले. मग ती खुर्चीत वळली आणि आत्ताच कुणी फोन करून कळवल्यासारखं म्हणाली, "आई, आण्णा गेलं गं."

"व्हय बाय," बनाबाई म्हणाल्या. "गेलं."

"मी पोचले न्हाई." आता तिचा आवाज फुटत होता. "कसं दिसत हुतं? तोंड कसं दिसत हुतं त्यांचं?"

बनाबाईंनी तिचं डोकं पोटाशी धरलं. "दाढी वाढली हुती," त्या म्हणाल्या. "म्या म्हनलं, करा की आज. तर म्हनले, आज नगं, रविवारी भोरला जायचंय पोरीकडं, तवा करतो."