वाटणीत आई कुणाकडे

एका गुरुवारी सकाळी सव्वासात वाजता माझ्या नवऱ्याने, अरविंदने, चहाचा कप टेबलावर ठेवला. त्याला काहीतरी सांगायचं होतं. शब्द आले नाहीत; पक्षाघाताचा झटका होता. त्यानंतर तो अकरा महिने जगला.

मी वकील आहे. नाशिकला कोर्टाजवळ माझं ऑफिस आहे. तीस वर्षं मी मुख्यतः दस्तांचं काम करते आहे: मृत्युपत्र, बक्षीसपत्र, मुखत्यारपत्र. तरीही आमचं घर आणि मुख्य बँक खातं त्याच्या एकट्याच्या नावावर होतं. नॉमिनी मी होते, पण नॉमिनीचा उपयोग माणूस गेल्यावर. मुखत्यारपत्र म्हणजे आपल्या वतीने सही करायचा अधिकार दुसऱ्याला देणं. ते माणसाने समजून-उमजून द्यावं लागतं, आणि त्याची समज गेली की तो अधिकारही संपतो. उरला पालक नेमून घेण्यासाठी हायकोर्टातला अर्ज. तो मी केला. हे सगळं मी अशिलांना वर्षानुवर्षं सांगत आले होते. घरी करायचं राहून गेलं होतं.

तो गेल्यावर महिन्याभराने ऑफिस उघडलं. पहिलं काम आलं मखमलाबादच्या तात्यांचं. तात्या सत्तरीचे, फुलांची शेती करणारे. अडीच एकर मळा त्यांनी स्वतः घेतलेला. बरोबर त्यांची बायको कौसाबाई आणि दोन मुलगे. थोरला संपत मळा बघतो. धाकटा योगेश अंबडला कंपनीत आहे आणि पाथर्डी फाट्याला फ्लॅटमध्ये राहतो.

काम साधं होतं. तात्यांनी हयातीतच मळा दोघा मुलांना बक्षीसपत्राने अर्धा अर्धा द्यायचा. बक्षीसपत्र म्हणजे मोबदला न घेता दिलेली मालमत्ता. एकदा रजिस्टर झालं की सहसा परत घेता येत नाही.

"आणि मॅडम, एक ओळ घाला," संपत म्हणाला. "तात्या माझ्याकडे, आई योगेशकडे. म्हणजे पुढे कुणाची कुरकुर नको."

तो हे सहज म्हणाला. आमच्याकडे खेड्यापाड्यांत ही पद्धत आहे. जमीन वाटली की आईबापही वाटले जातात, एकेक. त्यात मुलांना दुष्टपणा वाटत नाही, बरोबरी वाटते. योगेशचा मुलगा दीड वर्षाचा होता, त्याची बायको नोकरीला लागली होती. आई तिकडे गेली की सोय होणार होती.

मी लिहायला सुरुवात केली. मग, का कोण जाणे, विचारलं की तात्यांना गोळ्या कोण देतं.

संपतने आईकडे पाहिलं. योगेशनेही.

"पांढरी सकाळी, गुलाबी रातच्याला," कौसाबाई म्हणाल्या. "अर्धी एक हाय ती जेवल्यावर. मला वाचता येत नाय, रंगावर चाललंय."

माझा एक नियम आहे. देणाऱ्याशी एकदा एकट्याशी बोलायचं. मी मुलांना खाली चहा घ्यायला पाठवलं. कौसाबाईही उठायला लागल्या, त्यांना बसायला सांगितलं.

तात्यांना विचारलं, हे तुमच्या मनाने चाललंय ना? ते म्हणाले, पोरं म्हणतात ते बरोबरच आहे. त्यांच्या स्वतःच्या आईवडिलांनाही भावाभावांनी असंच वाटून घेतलं होतं. वडील इथे, आई दिंडोरीला धाकट्या भावाकडे. सगळ्यांचं असंच चालतं.

कौसाबाई खिडकीकडे बघत होत्या. तिकडेच बघत सासूबाईंबद्दल म्हणाल्या, "आत्याबाई सणाला यायच्या दिंडोरीहून. वसरीत बसायच्या. स्वतःच्या घरात पाणी मागून प्यायच्या, मॅडम. आन् मामंजींना इचारायच्या, बरं हाय का तुमचं."

तात्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला.

"तू कधी बोलली नाय ते?"

"तुमी कधी इचारलं?"

तात्या माझ्याकडे वळून म्हणाले, "मंग काय करावं?"

मी सांगितलं ते असं. मुलांना एकेक एकर द्या. वीस गुंठे, विहीर आणि घर मागे ठेवा, आणि ते कौसाबाईंच्या नावे करा. मुलांच्या बक्षीसपत्रात अट लिहा की आईवडिलांना शेवटपर्यंत एकत्र, त्यांच्याच घरी सांभाळायचं, दवाखानापाणी बघायचं. अशी अट दस्तात असेल आणि मुलांनी पाळली नाही, तर प्रांताधिकाऱ्यांकडे अर्ज करून दस्त रद्द करून घेता येतो. मनातल्या मनात धरलेली अट तिथे सिद्ध करणं अवघड जातं. बँकेचं खातं दोघांचं करा, कुणीही एकाने चालवायचं असं. दोघांची मृत्युपत्रं करा. आणि हे सगळं आत्ता, धडधाकट आहात तोवर.

कौसाबाईंना एवढंच कळेना की घर त्यांच्या नावावर कसं होईल. आजवर त्यांचं नाव फक्त रेशनकार्डावर होतं.

मुलं वर आली. संपतने ऐकून घेतलं. योगेशला राग आला.

"मॅडम, आम्ही काय त्यांना उपाशी ठेवणार आहोत का?"

"नाही. म्हणूनच लिहायला हरकत नसावी."

"लोक काय म्हणतील? बापाने पोरांना अट घातली?"

मी म्हटलं की दस्त कपाटात राहतो, भावकी काही तो वाचत बसत नाही. त्याचं समाधान झालं नाही. खरी अडचण वेगळी होती, ती त्याच्या आईने ओळखली.

"बाळाला मळ्यात आणून सोडत जा कंपनीत जाताना," त्या म्हणाल्या. "मी तुझ्या लिफ्टमधी जीव नाय घालणार. पण पोरगं सांभाळीन."

योगेश हसला. पहिल्यांदाच. म्हणाला, "लिफ्टला घाबरती, आन् विहिरीत उतरती."

पंधरा दिवसांनी दुय्यम निबंधकांच्या ऑफिसात, म्हणजे जिथे दस्तांची नोंदणी होते तिथे, गेलो. मशीन कौसाबाईंचा अंगठा घेईना. वर्षानुवर्षं फुलं तोडून अंगठ्याच्या रेघा झिजल्या होत्या. ऑपरेटरने पुसून बघितलं, संपतने पाण्याची बाटली दिली, योगेशने आईचा हात धरून अंगठा दाबला. सातव्यांदा घेतला. तात्या मागून म्हणाले, "एवढ्या वर्षांनी नाव लागतंय, त्याला वेळ लागायचाच."

याला अडीच वर्षं झाली. गेल्या वर्षापासून तात्यांना विसरायला होतं. आता ते संपतला कधी कधी स्वतःचा भाऊ समजतात. डॉक्टरांनी सांगितलं की हे वाढत जाणार. आज ते माझ्याकडे आले असते तर मला एकही दस्त करता आला नसता. सही करणाऱ्याला आपण काय देतो आहोत हे कळायला हवं, आणि ते त्यांना कळत नाही.

दोन्ही मुलं नीट वागतात. अट वापरायची वेळ आलेली नाही. ती लिहिली नसती तरी ते असेच वागले असते का, हे मला सांगता येत नाही, आणि वकिलाने त्यावर विसंबूही नये. अशिलांना मी आता एवढंच सांगते की सही करता येते तोवर करा.

मागच्या महिन्यात त्यांच्याकडे गेले होते. वीस गुंठ्यांत शेवंती आहे. घर कौसाबाईंच्या नावावर आहे. तात्या त्यांच्या हातून गोळ्या घेतात, आणि दोघं एकाच घरात राहतात.