गालाला गार लागलं पाहिजे

मुलांनो,

परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलेत, "आजी, लॅपटॉप फार कळकट झालाय, घरातल्या कशाने पुसू?" मी "लिहून पाठवते" म्हणाले आणि विषय बदलला. मला हे ज्या लॅपटॉप दुरुस्तीवाल्या भाऊंनी शिकवले, त्यांच्याबद्दल सांगितल्याशिवाय उत्तर पुरे होत नाही, आणि ते आता नाहीत. म्हणून आजच लिहायला बसले.

पिळलेले फडके ते आधी स्वतःच्या गालाला लावत. डोळे बारीक करून क्षणभर थांबत आणि म्हणत, "गालाला गार लागलं पाहिजे, ओलं नाय." गाल ओला झाला तर फडके पुन्हा पिळायचे. तोवर लॅपटॉपला हात लावायचा नाही.

औरंगपुऱ्यात झेरॉक्सच्या दुकानाला लागून त्यांची टपरीवजा जागा होती. मूळचे कन्नड तालुक्यातले. शेती भावांकडे सोडून हे चितेगावच्या एका कारखान्यात लागले, ते काम सुटल्यावर चाळिशी उलटून गेल्यावर लॅपटॉप दुरुस्ती शिकले. अशी माणसे तुम्हीही पाहिली असतील. त्यांचे नाव कुणाला सांगता येत नाही, पण रिक्षावाला बरोबर दारात नेऊन सोडतो.

तुमचे आजोबा गेले त्या महिन्यात मी भाऊंकडे पहिल्यांदा गेले. तेराव्याला गुरुजींनी शुद्धीसाठी घरभर गोमूत्र शिंपडले. मी पुढे होऊन म्हणाले, "त्यांच्या टेबलावरही." मला सगळे रीतसर व्हायला हवे होते. टेबलावर त्यांचा लॅपटॉप उघडा होता, हे मला दिसत होते. तरी मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यावर पिवळट ठिपके वाळले होते आणि दोन बटणे चिकटली होती. काचा पुसायचा निळा फवारा मी सरळ पडद्यावर मारला, तर पांढरे ओघळ उमटले. शिवाय बटणांच्या खाली, आजोबांचा डावा तळहात टेकायचा तिथे, एक चकचकीत डाग होता. मला तो तेलकट वाटला. टूथपेस्ट लावून घासला. चार दिवस, रोज सकाळी, चहा झाल्यावर. रडू आले नव्हते, दुसरेही काही आले नव्हते. तो डाग गेला पाहिजे, एवढेच डोक्यात होते.

"कशानं पुसलं, काकू?" त्यांनी विचारले. मी क्रमाने सांगितले. गोमूत्र ऐकताच ते मोठ्याने हसले. "माणूस शुद्ध व्हत असंल, मशीन नाय व्हत." मग त्यांनी माझ्या मोकळ्या कपाळाकडे पाहिले असावे, कारण हसू मध्येच थांबले. त्यांनी स्टूल पुढे सरकवले. "बसा. शिकवतो."

"आधी बंद करायचं. वायर काढायची. कोमट पाणी, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब."

"एक चमचा?"

"थेंब, काकू. कढई नाय घासायची आपल्याला. अन् पाणी फडक्याला दाखवायचं, मशीनला नाय."

बायकोच्या जुन्या सुती लुगड्याचे चौकोन त्यांनी कापून ठेवले होते. एक भिजवला, घट्ट पिळला, गालाला लावला. आधी पडदा, अगदी हलक्या हाताने. मग झाकण, मग कडा. बटणांमधली धूळ रंगाच्या मऊ ब्रशने. चिकटलेल्या बटणांच्या कडांना कानात घालायच्या काडीवर जरासे स्पिरिट. शेवटी कोरडे फडके. "अर्धा तास असंच ऱ्हाऊ द्या. वाळल्याबिगर चालू करायचं नाय."

ठिपके गेले. बटणे सुटली. पडद्यावरचा एक ओघळ राहिला.

"आणि तो डाग?" मी विचारले.

त्यांनी लॅपटॉप उजेडाकडे तिरका धरला, त्या जागेवरून अंगठा फिरवला. "काकू, ह्यो डाग नाय."

"तेलकट आहे तो."

"नाय. हात टेकून टेकून गुळगुळीत झालंय. काकांचा हात ना?"

"हो."

"झीज हाय ती. पुसून जायाची नाय. पण तुम्ही असंच पेस्टनं घासत बसलात, तर वरचा रंग निघंल. मंग ही बी जाईल."

मी "बरं" म्हणाले. त्यांनी लुगड्याचे दोन चौकोन कागदात गुंडाळून माझ्या हातात दिले. "महिन्याला दाखवत चला," ते म्हणाले.

दाखवण्यासारखे काही नव्हते. ते त्यांना ठाऊक होते, मलाही होते. तरी मी दर महिन्याला जात असे. ते स्टूल पुढे करत, वाटीत कोमट पाणी देत आणि माझाच लॅपटॉप मला पुसायला लावत. मी फडके गालाला लावले की मान हलवत. माझा हात डाव्या बाजूला आला की दुसऱ्याचे काम करता करता न बघताच म्हणत, "तिथं हळू."

एकदा एक वकील थिनरने पुसलेला लॅपटॉप घेऊन आले. झाकणावर पांढरे चट्टे पडले होते. "वकीलसाहेब, काळा कोट ड्रायक्लीनला देता, अन् ह्याला दरवाजा समजून थिनर लावता व्हय?" वकील माझ्याकडे पाहून म्हणाले, "काकू, तुम्हीही खाल्लीत का बोलणी?" मी म्हणाले, "माझे गोमूत्र होते." दोघेही हसले. मी हसले की नाही, आठवत नाही.

मागच्या महिन्यात गेले, तर तिथे मोबाइलची कव्हरे टांगलेली होती. झेरॉक्सवाल्या बाई बाहेर आल्या. "भाऊ गेले की, काकू. गावाकडं गेलते, तिथंच. जेवून उठले अन् बसले ते बसलेच. तुम्हाला कळवायचं तर नंबर नव्हता." मी "बरं" म्हणाले. तेराव्यालाही सगळ्यांना मी हेच म्हणत होते. लॅपटॉपची पिशवी खांद्याला होती. रिक्षा केली, घरी आले, कोमट पाणी घेतले, थेंब टाकला, फडके पिळून गालाला लावले. गार लागले. मग पुसले.

तुमच्या प्रश्नाचे उत्तर वर सगळे आले आहे. निळा फवारा, टूथपेस्ट आणि थिनर वापरू नका. फडक्याचा एक चौकोन पाकिटात घालून पाठवते आहे, दुसरा माझ्याकडे ठेवला आहे.

आजोबांचा लॅपटॉप चालू आहे. पडद्याच्या कोपऱ्यात एक ओघळ आहे. बटणांच्या खाली, डाव्या बाजूला, ती गुळगुळीत जागा आहे. तिथे मी घासत नाही. ती अजून आहे.